फार्मसी शिकवा, पण सर्टिफिकेट भाड्याने लावण्यासाठी नको

बारावीचा निकाल लागला की खेड, मावळ, हवेली या भागात एक विचारणा हमखास होते. माती परीक्षणाचे नमुने घ्यायला शिवारात जावे, नाहीतर ग्रामसभेला हजर राहावे, कोणीतरी बाजूला घेऊन विचारतेच, "साहेब, पोराला डी. फार्मला घालावं म्हणतो. कसं वाटतं?" आता हा प्रश्न शेतीखात्याच्या माणसाला का, असे कोणी म्हणेल. पण फवारणीचे औषध काय आणि अंगाचे औषध काय, गावाच्या लेखी 'औषध' एकच. शिवाय गावात वरचेवर येणारा सरकारी माणूस म्हणून आम्हाला विचारले जाते. त्यात गैर काही नाही.

गैर आहे ते पुढचे. "शिकून पोरगं काय करणार?" असे उलट विचारले, की बऱ्याच ठिकाणी ठरलेले उत्तर मिळते. "काही नाही हो. सर्टिफिकेट निघालं की एखाद्या मेडिकलला लावून टाकायचं. घरबसल्या महिन्याला चार पैसे येतील. पोरगं चाकणला कंपनीत जाईल नाहीतर गाड्यांचं बघंल."

हा लेख त्या उत्तराविरुद्ध आहे. फार्मसीविरुद्ध अजिबात नाही. पोराला फार्मसी जरूर शिकवा, पोरीला तर अगोदर शिकवा. पण सर्टिफिकेट भाड्याने लावण्यासाठी शिकवणार असाल, तर पैसाही जाईल, पोराची उमेदीची वर्षेही जातील, आणि गावाच्या जिवाशी खेळ होईल तो वेगळाच.

आपल्याला हा अनुभव नवा नाही

सर्टिफिकेट एकाचे आणि गल्ल्यावर दुसराच, हा प्रकार शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. कृषी सेवा केंद्रात तो आपण पाहिला आहे. कीटकनाशके विकणाऱ्याला त्या विषयाचे शिक्षण हवे, ही अट केंद्र सरकारने २०१५ च्या नियमदुरुस्तीने घातली. जुन्या दुकानदारांसाठी अभ्यासक्रम आले. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा वर्षभराचा 'देसी' पदविका अभ्यासक्रम तर त्याआधीपासूनच आहे. उद्देश चांगला होता. पण काही ठिकाणी पळवाट निघाली. कृषी पदवी झालेल्या मुलाचा कागद भिंतीवर आला आणि औषध मात्र पूर्वीचाच माणूस देत राहिला.

याचा परिणाम काय होतो, तेही आपण जाणतो. फुलकिडीचे औषध मागायला गेलेल्या शेतकऱ्याच्या हातात तीन बाटल्या पडतात. कशात काय मिसळायचे, किती पाण्यात किती घालायचे, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, हे सांगणारा माणूस दुकानात नसतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडोंना दवाखान्यात दाखल व्हावे लागले. कारणे अनेक होती. त्यांतले एक हे होते, की जहाल औषध हातात पडले, पण ते कसे वापरायचे हे सांगणारा कोणी नव्हता.

बंधूंनो, मेडिकलच्या दुकानात याहून वेगळे काय घडते? फवारणीच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. तो बघायला आपण शिकलो. गोळ्यांच्या पाकिटावरही उभी लाल रेघ असते. ती असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, असा तिचा अर्थ. किती घरांत ही रेघ ठाऊक आहे? आणि ती ज्याने सांगायची, तो माणूस दुकानात बसलेला आहे का?

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे फार्मसी कायदा १९४८ सालचा आहे. त्याच्या ४२ व्या कलमात सरळ म्हटले आहे, की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे. दुसऱ्या कोणी दिले तर तो गुन्हा आहे. पूर्वी याचा दंड एक हजार रुपयांपर्यंतच होता. २०२३ साली दुरुस्ती झाली आणि तो दोन लाखांपर्यंत गेला, कैदेची तरतूदही राहिली. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालचे नियमही सांगतात, की चिठ्ठीची औषधे फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिली पाहिजेत. भिंतीवरच्या चौकटीतला कागद देखरेख करू शकत नाही.

२०१३ साली 'एच-१' नावाची वेगळी यादी आली. काही भारी प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे, झोपेच्या व गुंगीच्या गोळ्या तिच्यात आहेत. ही औषधे दिली की दुकानदाराने वेगळ्या वहीत रोग्याचे नाव, डॉक्टरचे नाव, औषध आणि किती दिले ते लिहायचे, आणि वही तीन वर्षे जपायची. ही वही कोण लिहिणार? ज्याच्या नावाने दुकान आहे तो चाकणला दुसऱ्या पाळीत असेल, तर दहावी झालेला पोऱ्या लिहिणार, नाहीतर कोणीच लिहिणार नाही.

आणि काही घडले तर? ज्याचा कागद लावला आहे, त्याच्या दारात पहिली नोटीस येते. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीतून नाव काढून टाकण्याची सोय कायद्यात आहे. म्हणजे भाडे महिन्याचे, पण धोका जन्माचा. ज्या बापाने एक-दोन एकर विकून पोराला शिकवले, त्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

दुसरा तोटा त्याहून मोठा आहे. औषधाचे ज्ञान वापरले तरच टिकते. दोन-चार वर्षे दुकानात, दवाखान्यात किंवा कारखान्यात न बसलेला फार्मासिस्ट शिकलेले विसरतो. मग त्याला चांगली नोकरीही मिळत नाही आणि स्वतःचे दुकान टाकायचा धीरही होत नाही. तो कायमचा भाड्यावरच राहतो.

गल्ल्यामागचा माणूस काय करतो

"गोळ्या तर काढून द्यायच्या असतात, त्याला शिक्षण कशाला?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी दोन-तीन साधी उदाहरणे.

लहान मुलाच्या तापाचे औषध थेंबांतही मिळते आणि पातळ औषधाच्या बाटलीतही. दोन्हींची ताकद वेगळी. थेंबांचे औषध चमच्याने पाजले तर मात्रा कितीतरी वाढते. आई घाईत असते, रात्रीची वेळ असते. हे सांगायला गल्ल्यामागे जाणता माणूस लागतो.

रक्त पातळ करायची गोळी चालू असलेला म्हातारा गुडघ्याच्या दुखण्यावर दुकानातून आणखी एक गोळी घेतो. दोन्ही पोटात गेल्या की आतून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. फार्मासिस्ट अगोदर विचारतो, "आजोबा, दुसरं कुठलं औषध चालू आहे?" हा एक प्रश्न विचारायची सवय लागावी म्हणूनच तो औषधशास्त्र शिकलेला असतो.

तिसरे उदाहरण गोठ्यातले आहे. डायक्लोफेनॅक हे दुखण्या-सुजेवरचे औषध जनावरांना टोचले जायचे. असे जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्ले, की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी व्हायची. बघता बघता देशातली गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या मेडिकलमधून गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ साली सरकारला माणसांची कुपीसुद्धा ३ मिलिलिटरचीच करावी लागली. आता विचार करा. गावोगावच्या दुकानांत 'हे जनावराला चालत नाही' म्हणणारा फार्मासिस्ट बसलेला असता, तर दुसऱ्या बंदीची वेळ आली असती का?

पिंपरीची ओळख विसरू नका

आता थोडे आपल्या भागाबद्दल. पिंपरी-चिंचवड म्हटले की आज गाड्यांचे कारखाने डोळ्यांसमोर येतात. चाकणला तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेच. पण पिंपरीत मोटारींच्या आधी औषध आले होते. १९५४ साली भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा केला. १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. सरकारी मालकीचा देशातला हा पहिला औषध कारखाना. 'एच. ए. कंपनी' म्हणून जुनी माणसे आजही तो ओळखतात.

या कारखान्याचे आणि शेतीचे नाते आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात नाही. डाळिंबाच्या तेल्यावर, लिंबाच्या खैऱ्यावर आपण वर्षानुवर्षे ज्या स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुड्या वापरल्या, ते नाव याच कारखान्याचे. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही माणसांचीच दोन प्रतिजैविके असतात. पिकांच्या बुरशीवरचे ऑरिओफंजिन आणि माणसाच्या बुरशीरोगांवरचे हॅमायसिन ही दोन्ही पिंपरीच्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार यांच्या संशोधनातून आली. हॅमायसिन ज्या सूक्ष्म जिवापासून मिळते, त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचे नाव असे शास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसले आहे.

हे सूक्ष्म जीव मातीत राहतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, तो याच जातकुळीतल्या जिवांमुळे. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडले, तेही शेणखत घातलेल्या शेताच्या मातीतून. शोधणारा आल्बर्ट शाट्झ हा शेतकरी घराण्यातला, मृदाशास्त्र शिकलेला विद्यार्थी. पेनिसिलिनचे उत्पादन दुसऱ्या महायुद्धात वाढले, ते पिओरिया गावच्या शेती प्रयोगशाळेत. मक्याच्या कारखान्यात उरणारे पाणी वापरून आणि नासलेल्या खरबुजावरची बुरशी वाढवून ते साधले. तेव्हा शेतकऱ्याच्या पोराचे औषधशास्त्रात काय काम, असे कोणी म्हणू नये.

पण या कथेला दुसरी बाजूही आहे. पुडी स्वस्त मिळते म्हणून आपण ती वाटेल तशी फवारली. माणसांनी सर्दीलाही प्रतिजैविके खाल्ली. आता रोगजंतू त्यांना दाद देईनासे झाले आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनचा शेतीतला वापर थांबवण्यासाठी मसुदा आदेश काढला, त्याचे कारण हेच. क्षयरोगावरचे औषध बागेवर उडवून चालणार नाही. जाणत्या माणसाशिवाय औषध विकले गेले की चांगले औषधही वाया जाते, हा धडा पिंपरीच्या औषधानेच आपल्याला दिला आहे.

शिक्षण कोणते, किती वर्षांचे

आता प्रत्यक्ष शिक्षणाचे. बारावी विज्ञान शाखेतून झाल्यावर साधारण तीन वाटा आहेत.

पहिली डी. फार्म. ही दोन वर्षांची पदविका. नंतर दवाखान्यात किंवा दुकानात कमीत कमी तीन महिन्यांत ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण घ्यावे लागते. प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो. पदविका झालेल्यांना बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे. २०२२ साली पदविकाधारकांसाठी नोंदणीपूर्वी एक्झिट परीक्षेचे नियमही आले. नुसते पास होऊन भागणार नाही, हा त्याचा रोख.

दुसरी बी. फार्म. चार वर्षांची विद्यापीठाची पदवी. प्रवेश एमएचटी-सीईटी देऊन. आपल्या भागातली महाविद्यालये बहुतांश सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. निगडीचे मॉडर्न कॉलेज ऑफ फार्मसी, आकुर्डीचे डॉ. डी. वाय. पाटील कॉलेज ऑफ फार्मसी ही नावे तुमच्या ऐकण्यातली आहेत. खेड-चाकणहून मूल रोज ये-जा करून शिकू शकते. सरकारी महाविद्यालय हवे असेल तर कऱ्हाड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथे आहे. तिथे फी बरीच कमी, पण गुण चांगले लागतात. पुढे 'जीपॅट' परीक्षा देऊन दोन वर्षांचे एम. फार्म करता येते.

तिसरी फार्म. डी. ही सहा वर्षांची, शेवटचे वर्ष दवाखान्यात. आपल्याकडे २००८ पासून सुरू आहे. मोठ्या इस्पितळात डॉक्टरांबरोबर औषधोपचारावर लक्ष ठेवायचे, असे तिचे स्वरूप.

या शिक्षणात रसायनशास्त्र आहे, शरीररचना आहे, औषध शरीरात गेल्यावर काय करते याचे शास्त्र आहे, गोळी-मलम-इंजेक्शन कसे बनते ते आहे, आणि कायदाही आहे. शिवाय औषधी वनस्पतींचा एक स्वतंत्र विषय असतो. इथे आपली पोरे शहरातल्या पोरांच्या पुढे राहू शकतात. अडुळसा, सोनामुखी, इसबगोल, हिरडा ही नावे शहरातले मूल पुस्तकात पहिल्यांदा वाचते. भीमाशंकरच्या अंगाला, खेड-आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी कुटुंबांचा वर्षाचा खर्च बाळहिरड्यावर निघतो. हिरडा कधी झोडायचा, कसा वाळवायचा, कोणता काळा पडतो हे त्या घरातल्या पोरीला उपजतच माहीत. तीच पोर उद्या फार्मसी शिकून हिरड्याची प्रत तपासू लागली, तर व्यापाऱ्याला भाव पाडताना दहादा विचार करावा लागेल.

आंधळेपणाने प्रवेश घेऊ नका

इथे थोडे कटू बोलतो. फार्मसी महाविद्यालये फार वाढली आहेत. इतकी, की फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ साली नव्या महाविद्यालयांना पाच वर्षे बंदी घालण्याचा ठराव केला. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. नुसत्या ठरावाने अशी बंदी घालता येत नाही, त्याला रीतसर नियम लागतात, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्यानंतर पुन्हा नवी महाविद्यालये आली. सगळी वाईट नाहीत. पण "हजेरीची काळजी नको, परीक्षेला या" असे कोणी सांगत असेल, तर तिथून चपला घालून सरळ परत या. पदविकेला ७५ टक्के आणि पदवीला ८० टक्के हजेरी नियमाने लागते. न शिकवता पास करणारे कॉलेज म्हणजे न उगवणारे बियाणे. पिशवीवर छापलेल्या चित्राला भुलून आपण बियाणे घेत नाही, लेबल बघतो, पावती घेतो, मूठभर घरी उगवून पाहतो. कॉलेजही तसेच पारखा.

काय पारखायचे? कौन्सिलची त्या वर्षाची मान्यता आहे का, ते कौन्सिलच्या यादीत स्वतः पाहा. मान्यता नसलेल्या ठिकाणचे शिक्षण नोंदणीला चालत नाही. प्रयोगशाळेत जाऊन बघा, उपकरणांवर धूळ आहे की पोरे काम करताहेत. मागच्या तीन वर्षांतली पोरे आता कुठे आहेत, हे प्राचार्यांना विचारा आणि त्यांतल्या दोघांना भेटा. फी किती, कशाची, ती लेखी घ्या. एजंटाच्या हातात रोख रक्कम देऊ नका. प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्या, कारण सवलती त्यालाच मिळतात.

सवलतींबद्दल गावात फार कमी माहिती आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्याला, तसेच अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही माफी लागू नाही. खुल्या वर्गातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारक दाखला, जातीचा दाखला ही कागदपत्रे निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवा. दाखल्यावाचून सवलत हुकलेली घरे दरवर्षी दिसतात.

काम कुठे मिळेल

चाकणच्या पट्ट्यात काम मुख्यतः वाहनांचे. औषध कंपन्यांसाठी थोडे लांब जावे लागते. दौंड तालुक्यातले कुरकुंभ, हिंजवडी-भोसरीत एमक्युअर, मुळशीत नांदे इथे ल्युपिनचे संशोधन केंद्र, हडपसर-मांजरीला लसींची सीरम इन्स्टिट्यूट. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, देशाला लागणाऱ्या लसींचा मोठा हिस्सा याच सीरममधून गेला. या कारखान्यांत उत्पादन, गुणवत्ता तपासणी, कागदपत्रे अशी कामे असतात. सुरुवातीचा पगार थोडकाच असतो, हे मान्य केले पाहिजे. पहिली दोन वर्षे चाकणच्या कंपनीतला मित्र जास्त कमावतोय असे वाटेल. पण ठेकेदारीतली नोकरी संपली की मित्र पुन्हा गेटवर उभा राहतो. औषधाची तपासणी नीट शिकलेला माणूस मात्र वर्षागणिक महाग होत जातो.

आणि काम गावातही आहे. केंद्र सरकारची जनऔषधी योजना २००८ पासून आहे. ब्रँडच्या औषधापेक्षा तिथे तेच औषध पुष्कळ स्वस्त मिळते. २०२३ साली केंद्राने देशातल्या २,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांना, म्हणजे आपल्या विविध कार्यकारी सोसायट्यांना, जनऔषधी केंद्र उघडायला परवानगी देण्याचे ठरवले. सोसायटीचे चेअरमन आणि सचिव मंडळींनी याचा विचार करावा. सोसायटीचा गाळा असतोच, सभासदही असतात. पण केंद्राला डी. फार्म किंवा बी. फार्म झालेला माणूस लागतोच. गावचीच शिकलेली मुलगी त्या खुर्चीत बसली, तर तिला नोकरी, सोसायटीला चार पैसे आणि म्हाताऱ्यांना रक्तदाब-मधुमेहाची स्वस्त गोळी. तिला गावातल्या प्रत्येक घराचे दुखणे माहीत असेल. कोणाच्या घरी लहान मूल आहे, कोणाला कोणते औषध सोसत नाही, हे भाड्याच्या कागदाला कसे कळणार?

"गावचं दुकान केवढंसं, त्याला फार्मासिस्टचा पगार कुठून परवडणार?" असे मेडिकलवाले म्हणतील. त्यांची अडचण खोटी नाही. दुकान सकाळी आठ ते रात्री दहा चालते आणि एक माणूस इतका वेळ बसू शकत नाही. यावर खरा उपाय म्हणजे शिकलेल्या माणसानेच दुकान टाकणे. दुसरा, दोघांनी भागीत चालवून वेळ वाटून घेणे. नवरा-बायको दोघे फार्मासिस्ट असतील तर सोन्याहून पिवळे. आणि फार्मासिस्ट नसेल त्या वेळात चिठ्ठीची औषधे न देणे, हा प्रामाणिकपणाही चालेल. गिऱ्हाईक चार दिवस कुरकुर करील, मग त्याला वेळ माहीत होईल.

गावाने एवढे करावे

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेब, पोलीस पाटील आणि आशाताई यांना माझे तीन सांगणे आहे.

एक, गावातल्या मेडिकलमध्ये फार्मासिस्टचे नाव लावलेले असते. तो माणूस कोणत्या वेळेत बसतो, हे ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने विचारावे. भांडायला जाऊ नये, विचारायला जावे. विचारणारे कोणी आहे हे कळले, की निम्मे काम होते. तरीही सुधारणा नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवावा.

दोन, कृषी सेवा केंद्रालाही हाच नियम लावा. ज्याचे सर्टिफिकेट आहे तो दुकानात भेटतो का, ते पाहा. आमच्या खात्यालाही हा प्रश्न विचारा. आम्ही तपासणीला आलो की फक्त साठा मोजून गेलो, असे होता कामा नये.

तीन, मे-जून महिन्यात शाळेत किंवा समाजमंदिरात एक बैठक ठेवा. गावातून फार्मसी शिकून कामाला लागलेली दोन मुले आणि गावातलीच शिकणारी एखादी मुलगी बोलवा. त्यांना पालकांसमोर खरे काय ते सांगू द्या. एजंटाच्या छापील पत्रकापेक्षा ते एक तासाचे बोलणे जास्त उपयोगी पडेल.

आणि पालकांनो, अर्ज भरायच्या आधी पोराला समोर बसवून एवढेच विचारा, "तू रोज दहा तास उभा राहून लोकांना औषध समजावून सांगशील का? नाहीतर कारखान्यात एकेक गोळी तपासायचा कंटाळा करणार नाहीस ना?" तो मनापासून हो म्हणाला तर कर्ज काढून शिकवा, वाया जाणार नाही. तो म्हणाला, "नाही, मला फक्त कागद पाहिजे," तर ते पैसे ठिबकला, शेततळ्याला, नाहीतर दोन चांगल्या गाईंना घाला. त्यातून घराला चार पैसे तरी मिळतील, आणि तुमच्या पोराच्या नावाखाली दुसऱ्या कोणी भलतेच औषध दिले, असे कधी ऐकावे लागणार नाही.